आधी वास, मग साद

आईबाबांनो, दिवेलागणीच्या सुमारास मुलाला घेऊन एकदा बार्शीटाकळीच्या वेशीकडं जा. बकऱ्या रानातून परततात तेव्हा त्यांची तान्ही पिल्लं घरी डालीखाली कोंडलेली असतात. डाल उचलली की जो गलका होतो, तो मुलाला नीट बघू द्या. एखादं पिल्लू घाईघाईत भलत्याच बकरीच्या सडाला तोंड लावतं. ती मान वळवते, त्याच्या शेपटीखाली नाक नेते आणि ढुशी देऊन त्याला बाजूला सारते. तिचं स्वतःचं पिल्लू आलं की त्यालाही तसंच हुंगते, पण मग मागचे पाय फाकवून निवांत उभी राहते. बकऱ्या पाळणारी कुठलीही आजी तुम्हाला सांगेल, "हुंगल्याबिगर पाजत नाही थे."

ही ओळख जन्माच्या वेळीच पक्की होते. व्यायल्याबरोबर बकरी पिल्लू चाटते आणि त्याच्या अंगावरच्या ओलाव्याचा वास तिच्या डोक्यात बसतो. 1964 साली अमेरिकेत पीटर क्लॉफर यांनी हे तपासून पाहिलं. व्यायल्यावर पाचच मिनिटं पिल्लू जवळ मिळालेल्या बकऱ्यांनी पुढं काही वेळ दूर ठेवलेलं पिल्लू बहुतेक वेळा जवळ घेतलं. ती पाच मिनिटं न मिळालेल्या बकऱ्या तासाभरातच पोटच्या पिल्लाला लाथाडू लागल्या. आपल्या गुराख्यांना हे कळायला प्रयोगाची गरज पडली नाही. वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात कुटार भरून ते गाईपुढं उभं करायची रीत जुनी आहे. वास ओळखीचा असतो, म्हणून गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. मला ही रीत ऐकली की चटका लागतो. एवढी मोठी माया, आणि तिला फसवायला एवढंसं पुरतं!

वासाला जवळीक लागते. लांबून काम करतो तो आवाज. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी पिल्लांचं ओरडणं टिपून ठेवलं आणि ताटातूट होऊन निदान सात महिने झाल्यावर ते त्यांच्या आयांना ऐकवलं. त्याच कळपातल्या दुसऱ्या पिल्लांच्या आवाजापेक्षा आपल्या पिल्लाच्या आवाजाला बकऱ्यांनी जास्त दाद दिली. हा अभ्यास 2012 मध्ये छापून आला. आवाज ऐकवला तोवर त्यातल्या काहींची पुढची वेतंही झाली होती.

आपलं बाळ काही वेगळं नसतं. जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे 1980 साली दिसून आलं. त्याआधी, 1975 मध्ये, आठवड्याभराची बाळं आईच्या दुधाचा वास असलेल्या कापडाकडं तोंड वळवतात, हेही दिसलं होतं. म्हणून पहिल्या दिवसांत बाळाला पावडर-अत्तरानं माखू नका, आणि आईनंही लावू नये. पहिली आंघोळ चोवीस तास थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. बाळ उघड्या छातीशी घ्या. बाबांनीही घ्यावं आणि मनसोक्त बोलावं, कारण पोटात असताना आईइतका त्यांचा आवाज बाळाच्या कानी पडलेला नसतो.

आता थोड्या मोठ्या मुलांकडं येते. आई कापूस वेचायला गेली की पोर तिचं जुनं लुगडं ओढत घरभर फिरतं, त्यात तोंड खुपसून झोपतं. "मळलंय, दे इकडं," म्हणून ते हिसकावून धुवायला टाकू नका. धुवायचंच असेल तर आधी अंगावरचं दुसरं कापड त्याच्या हाती द्या. अंगणवाडीत पहिल्यांदा बसवताना आईची ओढणी पिशवीत टाकून पाठवा. ताईंनाही तसं सांगून ठेवा. हा लाड नव्हे. त्या वयाला धीर द्यायला नाक हा भरवशाचा रस्ता आहे.

आणि पोटापाण्यासाठी जे पुण्याला, सुरतेला आहेत, किंवा ज्यांची लेक अकोल्याच्या वसतिगृहात आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांपुढं बोलायला आणि गणितं सोडवायला लावलं. घाबरलेल्या मुलींपैकी काहींना आई येऊन भेटली, काहींशी ती फक्त फोनवर बोलली. मायेच्या स्पर्शानं शरीरात जे ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते दोन्हीकडं जवळपास सारखंच वाढलं. हे 2010 मध्ये छापून आलं. दोन वर्षांनी त्यांनी आईचे टाइप केलेले निरोप देऊन पाहिले. त्यानं ऑक्सिटोसिन वाढलं नाही.

तेव्हा 'जेवलीस का' असं लिहून पाठवू नका, फोन लावा. मुलगी नुसतं 'हो', 'नाही' म्हणाली तरी चालेल. तुम्ही बोलत राहा: म्हैस व्याली का, कपाशीला बोंडं किती धरली, आजी आज कुणावर चिडली.