लहान गावातल्या सिस्टरला जास्त शिकावे लागते

2000 सालच्या सुमारास नर्सिंग पूर्ण केलेल्या परिचारिकेने प्रसूतिगृहाबद्दल काय पाठ केले होते? बाळ जन्मले की लगेच नाळ बांधून कापायची. ते श्वास घेत नसेल तर शुद्ध, 100 टक्के ऑक्सिजन द्यायचा. पोटात असतानाच बाळाने शी केली असेल, तर डोके बाहेर येताच नळीने नाक-तोंड साफ करायचे. वजन फार कमी असेल तर बाळ आधी पेटीत ठेवायचे आणि प्रकृती स्थिरावली की मगच आईच्या छातीशी द्यायचे. हे सगळे तेव्हाच्या शिकवणुकीला धरूनच होते. आज यातली एकही गोष्ट तशी राहिलेली नाही.

बाळ ठीक असेल तर नाळ कापायला आता निदान एक मिनिट थांबतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला श्वास द्यायची वेळ आली, तर सुरुवात साध्या हवेने होते. शी केलेल्या प्रत्येक बाळाचे डोके बाहेर येताच नळी घालण्याची रीत 2005 पासून मागे पडली. चौथा बदल सर्वांत मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत एक अभ्यास झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. एक ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवले, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि 2022 मध्ये संघटनेने आपली शिफारस बदलली. तेव्हा ‘आधी पेटी, मग आई’ असे शिकलेल्या हजारो परिचारिका नोकरीत होत्या. त्यांना नवे कोणी शिकवले नसते, तर त्या जुनेच करत राहिल्या असत्या.

पुणे जिल्ह्यातल्या आमच्या नसरापूर परिसरात बारावीनंतर नर्सिंगचा विचार करणाऱ्या मुली बऱ्याच आहेत, आता काही मुलेही आहेत. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोर्स किती वर्षांचा आणि नोकरी कधी? प्रश्न रास्तच आहे, फी पालकांच्या खिशातून जाते. पण नवजात बाळांच्या सेवेत जायचे असेल तर तेवढेच विचारून भागत नाही. नोकरी लागल्यावर पुढचे शिक्षण कोण देणार, हेही विचारायला हवे.

‘असली प्रशिक्षणे पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हवीत, आमच्या आरोग्य केंद्रात कशाला?’ असे अनेकांना वाटते. खरे तर गणित उलटे आहे. साधारण दहा बाळांपैकी एकाला जन्मल्यावर श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते, आणि मोठे उपचार लागणारी बाळे शंभरात एखादेच. मोठ्या रुग्णालयात रोज वीस बाळंतपणे होत असतील तर तिथल्या सिस्टरचा हात आपोआप बसलेला राहतो. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याला दहाच बाळंतपणे होत असतील, तर न रडणारे बाळ तिच्यासमोर महिन्यातून एकदा येणार, तेही पहाटे तीनला, मदतीला दुसरे कोणी नसताना. अशा वेळी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, नीट लावून पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात करायची असते. या मिनिटाला वैद्यकीय भाषेत ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच हे कौशल्य बोथट होऊ लागते, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. म्हणून पाच वर्षांतून एक मोठे शिबिर घेण्यापेक्षा, दर थोड्या दिवसांनी दहा-पंधरा मिनिटे बाहुलीवर केलेला सराव जास्त उपयोगी पडतो.

वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाड्यांचा विचार केला तर हे जास्त जाणवते. ऐन पावसात तिथून बाळाला चेलाडी फाट्यापर्यंत आणायचे आणि महामार्गाने पुण्याच्या ससून रुग्णालयापर्यंत न्यायचे, यात जाणारा वेळ 108 ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी फारसा कमी होत नाही. त्या वेळात बाळ गार पडू द्यायचे नाही, ते आईच्या अंगाशी बांधून न्यायचे, श्वास मोजत राहायचे, हे जवळच्या माणसाला यावे लागते.

कमी शिकलेल्या बायकांनाही हे येऊ शकते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांचे शिक्षण पाचवी ते दहावीच्या दरम्यान होते. बाळाचे वजन आणि ताप पाहणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सगळे त्या शिकल्या. 1993 ते 1998 या काळातल्या या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला होता. अनेकांना एवढा आकडा पाठ असतो. त्यामागची पद्धत मात्र क्वचितच सांगितली जाते. एकदा शिकवून या स्त्रियांना सोडून दिले नव्हते. पर्यवेक्षक नियमित गावात जात, नोंदी तपासत, चुकले तिथे पुन्हा शिकवत. आज भोर आणि वेल्ह्यातली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ते याच कामातून पुढे आलेल्या कार्यक्रमामुळे.

आता नर्सिंगच्या शिक्षणाच्या वाटांविषयी. एएनएम दोन वर्षांचे आहे, त्याला फक्त मुलींना प्रवेश मिळतो आणि बारावीची कोणतीही शाखा चालते. जीएनएम तीन वर्षांचे. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे, त्याला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र हवे. प्रवेश परीक्षेचे नियम बदलत असतात, तेव्हा राज्य सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहिती पुस्तिकाच वाचावी. यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी कार्यशाळा व प्रशिक्षणांची नोंद दाखवावी लागते. म्हणजे शिकत राहणे हा नोंदणीचाच भाग आहे.

नवजात बाळांचेच काम करायचे असेल तर जीएनएम किंवा बीएस्सीनंतर नवजात परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे. सरकारी नोकरीत ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा’चे दोन दिवसांचे प्रशिक्षण 2009 पासून चालते, आणि एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, नेमणूक झाली तर त्यापुढचे वेगळे प्रशिक्षण असते. या कक्षात चुकीचे मोल फार मोठे असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला तर डोळ्याचा पडदा बिघडून दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे मॉनिटरवरचा आकडा ठरलेल्या मर्यादेत ठेवणे हे सिस्टरचे काम ठरते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या अशाच कक्षाला 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आग लागली आणि दहा बाळे दगावली. वीजजोडणी आणि इमारतीची सुरक्षा ही यंत्रणेची जबाबदारी आहे, ती परिचारिकेवर टाकता येणार नाही. पण आगीत बाळांना बाहेर कसे काढायचे, याची तालीम कर्मचाऱ्यांना मिळायलाच हवी, आणि ती मागण्याचा त्यांना हक्क आहे.

पालकांनी एका गोष्टीपासून मात्र सावध राहावे. ‘दहावीनंतर एका वर्षात नर्स’ अशा जाहिराती तालुक्याच्या गावांत सर्रास दिसतात. अशा प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय ना सरकारी भरतीचा अर्ज भरता येतो, ना पुढची पदविका करता येते. रुग्ण-सहायकाचे छोटे कोर्स वेगळे. ते त्या कामापुरते उपयोगी आहेत, पण ते नर्सिंग नव्हे.

कॉलेज पाहायला जाताना मुलीला सोबत न्यावे आणि इमारतीपेक्षा कौशल्य प्रयोगशाळा दाखवायला सांगावी. बाळाची बाहुली आणि अंबू बॅग कपाटात बंद आहे की टेबलावर? विद्यार्थ्यांना प्रसूतीच्या सरावासाठी कोणत्या रुग्णालयात नेतात, तिथे महिन्याला किती बाळंतपणे होतात? गेल्या वर्षभरात तिथल्या शिक्षिका स्वतः कोणत्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या? मुलगी नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हा तिनेही पगाराबरोबर हे विचारावे: प्रशिक्षणाला पाठवता का, आणि ते दिवस कामाचे धरता की रजेचे?