क्वाथनिर्मितीतील अग्नी व इंधन : एक हिशेब

प्रस्तावना

भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरा-देवघर जलाशयाच्या परिसरात हिर्डोशी हे गाव लागते. हा प्रदेश हिरडस मावळाचा. त्याच्या नावातही हरीतकीचा उच्चार ऐकू येतो. अशा ठिकाणी एखाद्या वैद्याने लहान औषधशाळा चालवावयाची म्हटली, तर हिरडा जवळच मिळेल, पाणीही मिळेल. परंतु क्वाथ आटविण्यासाठी लागणारे इंधन भोवतालच्या रानातून यावयाचे की बाजारातून, हा प्रश्न उरतोच. औषधीद्रव्याचे मोल आपण काटेकोरपणे मांडतो. इंधनाचा हिशेब मात्र क्वचितच ठेवतो. सदर लेखात तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

उष्णतेचा हिशेब

शार्ङ्गधरोक्त क्वाथविधीनुसार १ भाग भरड द्रव्यास १६ भाग जल घालून अष्टमांश शेष ठेवावयाचा असतो. १० किलो त्रिफळा भरड घेतल्यास १६० लिटर पाणी लागेल व २० लिटर क्वाथ उरेल. म्हणजे १४० लिटर पाण्याची वाफ करावयाची. पाणी २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास १२,००० किलोकॅलरी लागतात. १ किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. त्या हिशेबाने १४० लिटरना ७५,६००. एकूण ८७,६०० किलोकॅलरींपैकी सुमारे ८६ टक्के उष्णता केवळ आटविण्यात खर्च होते.

सुक्या लाकडाच्या १ किलोमधून सुमारे ४,००० किलोकॅलरी मिळतात. उघड्या चुलीत त्यांपैकी १५ टक्केच भांड्यास लागतात असे धरले, तर १० किलो द्रव्याच्या क्वाथासाठी १४६ किलो लाकूड जळते. ढोबळमानाने सांगावयाचे तर आटलेल्या प्रत्येक लिटरमागे १ किलो लाकूड! भट्टीची कार्यक्षमता ३० टक्क्यांवर नेल्यास हेच प्रमाण निम्म्यावर, म्हणजे ७३ किलोवर येते. गॅसची शेगडी ५० टक्के कार्यक्षम मानल्यास सुमारे १६ किलो गॅस लागेल. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर जवळजवळ संपेल.

बचत कोठे करू नये

इंधन महाग झाले की अष्टमांशाऐवजी चतुर्थांशावरच भट्टी बंद करण्याचा मोह होतो. वरील उदाहरणात २० लिटर पाणी कमी आटेल, ऊर्जेची बचत जेमतेम १२ टक्के होईल; आणि रुग्णाच्या मात्रेत मात्र क्वाथाचे वीर्य सुमारे निम्मे राहील. ही बचत नव्हे, औषधाशी केलेली प्रतारणा होय. क्वाथपात्र उघडे ठेवण्याचा संकेतही पाळावयाचा असल्याने सतत झाकण ठेवणे हाही आपला मार्ग नव्हे.

बचत कोठे करावी

१) द्रव्याचे काठिण्य पाहावे. स्नेहपाकासाठी क्वाथ करताना शास्त्रकारांनी मृदु द्रव्यास ४ पट, मध्यमास ८ पट व अत्यंत कठीण द्रव्यास १६ पट जल सांगून चतुर्थांश शेष ठेवावयास सांगितले आहे. सरसकट १६ पट जल घेणाऱ्या औषधशाळेत १० किलो मृदु द्रव्यासाठी १९,२०० ऐवजी ७६,८०० किलोकॅलरी, म्हणजे चौपट उष्णता खर्च होते. येथे शास्त्राचे पालन हीच बचत आहे.

२) मंदाग्नी ठेवावा. पाणी उकळू लागल्यावर जाळ वाढविला तरी त्याचे तापमान वाढत नाही. ज्वाळा भांड्याच्या कडेने वर निघून जातात आणि तळाशी द्रव्य करपण्याचे भय वाढते.

३) चुलीस वैल असावा. धुराच्या वाटेवर दुसरे पात्र बसवून पुढील घाण्याचे पाणी तापवावे. १६० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांपर्यंत असेच तापले, तर ८,८०० किलोकॅलरी, म्हणजे एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्शाची बचत होते.

४) लाकूड कोरडे असावे. घाटमाथ्यालगतच्या पावसात भिजलेले लाकूड आधी स्वतःतील पाणी आटविते, मग आपले. पावसाळ्यापूर्वीच ते छपराखाली रचून ठेवावे.

५) बाष्पयंत्र वापरणाऱ्यांनी दुहेरी भिंतीच्या पात्रास व वाफेच्या नळ्यांस उष्णतारोधक आवरण घालावे आणि वाफ थिजून झालेले गरम पाणी बॉयलरकडे परत न्यावे. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी अधिक गरम असल्यास सुमारे १ टक्का इंधन वाचते.

उपसंहार

प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत द्रव्य, जल व शेष यांच्याबरोबर जळालेल्या इंधनाचे वजनही लिहावे. इंधनाच्या वजनास आटलेल्या लिटरने भागले की आपल्या भट्टीची परीक्षा झाली. तो आकडा लाकडासाठी १ किलोच्या वर असेल, तर दोष चुलीत, लाकडात किंवा जाळ घालण्याच्या पद्धतीत आहे, तो शोधावा. हिरड्याचे फळ रानातून घेणाऱ्या औषधशाळेने तेच रान चुलीत घालू नये, इतकी दक्षता वैद्यबंधूंनी व औषधशाळाचालकांनी अवश्य घ्यावी.