नव्या कार्यप्रणालीची पारख

मावळ तालुक्यातील वडगाव येथील कृषि संशोधन केंद्राने विकसित केलेला इंद्रायणी हा भाताचा वाण 1987 मध्ये लागवडीसाठी प्रसारित झाला. आंबेमोहर 157 आणि आय. आर. 8 यांच्या संकरातून तो सिद्ध झाला. कोणताही वाण शेतकऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी प्रथम संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर आणि नंतर निरनिराळ्या ठिकाणी पारखला जातो. अप्रसारित वाणाचे बी कोणी आपल्या साऱ्या खाचरांत लावत नाही. हाच विवेक आज संगणकाच्या बाबतीतही बाळगणे अगत्याचे झाले आहे.

चाचणी आवृत्ती म्हणजे काय?

संगणक सुरू होताच त्याची स्मृती, पडदा, कळफलक, प्रिंटर आणि फाइली यांचा कारभार जी हाती घेते ती कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम. तिची नवी आवृत्ती सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी काही वापरकर्त्यांना चाचणीसाठी देण्यात येते. तिला बीटा किंवा पूर्वप्रसारित आवृत्ती म्हणतात. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये याच हेतूने ‘विंडोज इनसायडर’ हा उपक्रम सुरू केला. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीत नवी सामग्री आधी ‘अनस्टेबल’ शाखेत येते. तेथे काही दिवस गंभीर दोष न आढळल्यास ती ‘टेस्टिंग’ शाखेत जाते आणि पुढे ‘स्टेबल’ ठरते. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली याच डेबियनवर आधारलेली आहे.

2018 चा धडा

विंडोज 10 ची 1809 ही आवृत्ती 2 ऑक्टोबर 2018 रोजी प्रसारित झाली. काही वापरकर्त्यांच्या फाइलीच नाहीशा झाल्याच्या तक्रारी येताच चार दिवसांत तिचे प्रसारण थांबवावे लागले. दुरुस्त आवृत्ती 13 नोव्हेंबर रोजी आली. कंपनीच्या सांगण्यानुसार अशा तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक इतकेच होते. परंतु ज्याचे दप्तर गेले त्याचे नुकसान पूर्णच असते. चाचणीत सहभागी झालेल्या काही जणांनी हा दोष आधीच कळवला होता. कळवणाऱ्यांची संख्या अल्प असल्याने तो अभिप्रायांच्या गर्दीत मागे पडला. त्यानंतर दोषाबरोबर त्याची तीव्रताही नोंदवण्याची सोय करण्यात आली. दोष शोधणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो नेमक्या शब्दांत कळवणे आणि त्याची वेळीच दखल घेतली जाणे महत्त्वाचे, हा त्यातील बोध होय.

कचेरीत पारख कशी करावी?

विंडोज 10 चे सर्वसाधारण पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. त्यामुळे वडगावची कचेरी असो, लोणावळ्यातील दुकान असो की पवन मावळातील शाळा, नव्या आवृत्तीकडे जाण्याचा प्रश्न अनेकांपुढे आहे. तथापि, दैनंदिन कामाच्या संगणकावर चाचणी आवृत्ती कदापि घालू नये. त्यासाठी एखादा जुना, मोकळा संगणक वेगळा ठेवावा.

प्रथम सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि त्या प्रतीतील दोनचार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. नंतर नित्याची कामे एकेक करून पाहावीत. प्रिंटर चालतो काय? डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ओळखले जाते काय? युनिकोडमधील मराठी मजकूर आणि जुन्या फॉन्टमधील पत्रे नीट दिसतात काय? आढळलेला दोष, त्याची तारीख आणि तो कोणत्या कृतीनंतर उद्भवला, याची वहीत नोंद ठेवावी.

लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरीने 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात वीज खंडित होण्याचे प्रसंग येतात. नवी आवृत्ती बसत असतानाच वीज गेल्यास कार्यप्रणाली अर्धवट राहून संगणक सुरूच न होण्याचा संभव असतो. म्हणून हे काम यू. पी. एस. जोडूनच करावे, लॅपटॉप असल्यास तो पूर्ण भारित करून विजेला जोडलेला ठेवावा.

परतीची वाट

विंडोजमध्ये आवृत्ती बदलल्यानंतर साधारणतः दहा दिवसांपर्यंत मागे फिरता येते. ही मुदत उलटली, तर जुनी आवृत्ती नव्याने बसवावी लागते आणि त्या वेळी बाहेर ठेवलेली प्रतच उपयोगी पडते. म्हणूनच चाचणीचे पहिले दहा दिवस कसोशीने वापरावेत. सारी कामे निर्वेध पार पडली आणि आवृत्ती अधिकृतपणे प्रसारित झाली, की मग एकेक करून उर्वरित संगणक बदलावेत. एका संगणकावर दिसून आलेला दोष दुरुस्त करता येतो; तोच सर्व संगणकांवर एकाच दिवशी उतरला, तर दाखल्यासाठी दाराशी उभा असलेला नागरिक रिकाम्या हाती परततो.