ज्ञापकत्व उणे असता : विकासात्मक दिव्यांग रुग्ण आणि आपले प्रशिक्षण

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगताना रुग्णाच्या ठिकाणी चार गुणांची अपेक्षा केली आहे : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. रुग्णाने आठवावे, वैद्याचे ऐकावे, भिऊ नये आणि काय होते आहे ते सांगावे. आता स्वमग्न मूल, बौद्धिक अक्षमता असलेला तरुण, सेरेब्रल पाल्सीमुळे शब्द फुटत नाहीत अशी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. यांच्या ठिकाणी ज्ञापकत्व तर बहुधा उणेच असते, किंवा आपल्याला अपरिचित अशा रूपात असते. तेवढ्याने असा रुग्ण चिकित्सेस अपात्र ठरत नाही. त्याच्या पादात जे उणे आहे ते वैद्य, परिचारक व औषध या उरलेल्या तीन पादांनी भरून काढावयाचे असते. ही क्षमता पदवीबरोबर आपोआप येत नाही. ती शिकावी लागते. प्रस्तुत लेखात आम्ही याच शिक्षणाचा विचार करणार आहोत. कोणता कल्प द्यावा, हा विषय हेतुतः बाजूस ठेवला आहे.

हे क्षेत्र बालरोगतज्ज्ञांचे, आपले नव्हे, असे काही वैद्यबंधू म्हणतील. वस्तुस्थिती तशी नाही. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील फिरत्या पथकाची रचना पाहावी : दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, पोषणातील कमतरता व आजार यांबरोबरच विकासातील विलंब हुडकणे हे या पथकाचे काम. म्हणजेच अंगणवाडीतील न बोलणाऱ्या मुलाकडे प्रथम पाहणारा चिकित्सक पुष्कळदा आपल्यापैकीच असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलम ४७ नेही डॉक्टर, परिचारिका व निमवैद्यकीय कर्मचारी यांच्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्वाचा विषय अंतर्भूत करण्यास सांगितले आहे. परंपरेचेही पाठबळ आहे. वर्ष उलटूनही न चालणाऱ्या बालकाचे वर्णन काश्यपसंहितेत ‘फक्क’ या नावाने येते आणि औषधांसोबत त्याला चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा रथ देण्यास सांगितले आहे. (फक्क म्हणजे अमुकच आधुनिक व्याधी, असे समीकरण जुळवीत बसण्यात आम्हांस रस नाही. आचार्यांनी औषधाबरोबर साधनाचाही विचार केला, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.)

दर्शन, स्पर्शन, प्रश्न हा परीक्षणाचा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. या रुग्णांत तो संथ करावा लागतो आणि काही वेळा उलटाही. प्रश्नाची सुरुवात भेटीच्या आधी, दूरध्वनीवरच व्हावी : मूल कशाने बिथरते, कशाने शांत होते, होकार-नकार कसा दर्शविते, घरचे लोक त्याला कोणत्या नावाने हाक मारतात. भेटीची वेळ दिवसातील पहिली द्यावी. भरलेल्या दालनात, गुग्गुळाच्या धुरात आणि पंख्याच्या घरघरीत अर्धा तास बसल्यावर जे मूल आपल्यासमोर येते, ते त्याचे खरे रूप नसते. दर्शन दुरून करावे : चालणे, हातांची हालचाल, आईकडे पाहणे, पोटावर वारंवार दाब देणे. स्पर्श सर्वांत शेवटी, आणि तोही सांगून. नाडी आधी आईची पाहावी, मग मुलाची. पुष्कळ मुलांना हलका, अवचित स्पर्श असह्य होतो. स्थिर व निश्चित हात ती सहन करतात. अभ्यंगाचा सल्ला देण्यापूर्वी तेलाचा वास व चिकटपणा त्या मुलाला चालतो का, हे विचारावे. आणखी एक, रुग्ण बोलत नसला तरी प्रथम त्याच्याशी बोलावे, मग पालकांशी. न बोलणारा सर्वच ऐकत असतो.

या प्रशिक्षणातील सर्वांत निकडीचा धडा निराळाच आहे. अचानक डोके आपटू लागणे, रात्ररात्र रडणे, अन्न नाकारणे, हात चावणे असे काही दिसले की ‘हा त्याच्या व्याधीचाच स्वभाव’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अशा वेळी कान, दात, घसा व मलप्रवृत्ती यांची तपासणी झाल्याखेरीज मनाकडे बोट दाखवू नये. मलावष्टंभ तर स्वमग्न मुलांत फार आढळतो. वयात आलेल्या मुलीत मासिक पाळीच्या वेदनेचा विचार अवश्य करावा. जेथे तक्रार सांगता येत नाही तेथे वर्तनातील बदल हीच तक्रार समजावी.

रुग्णाचे म्हणणे बाजूस सारल्याने काय घडते, याचे उदाहरण इंग्लंडमधील आहे. ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा तरुण स्वमग्न होता; त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता व अपस्मार होता. मनोविकारावरील औषध आपल्याला देऊ नये, असे त्याने व त्याच्या आईवडिलांनी सांगूनही ते दिले गेले आणि २०१६ मध्ये तो दगावला. पुढे २०२२ च्या कायद्याने तेथील नोंदणीकृत आरोग्यसेवांतील कर्मचाऱ्यांना या विषयाचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यासाठी त्याच्याच नावाने जो अभ्यासक्रम तयार झाला, त्यात स्वमग्न व बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती स्वतः शिकविण्यात भाग घेतात. ही पद्धत आम्हांस अनुकरणीय वाटते.

आता औषधालयांच्या चालकांसाठी. ‘बुद्धीचे सिरप’ मागण्यास आलेल्या आईला शंखपुष्पीची बाटली देणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट. परंतु स्वमग्नता व सेरेब्रल पाल्सी असलेल्यांत अपस्माराचे प्रमाण सर्वसाधारण मुलांहून अधिक असते, आणि त्यांपैकी अनेकांना आधुनिक औषधे चालू असतात. १९९२ मध्ये मुंबईतील संशोधकांनी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. फेनिटॉइन चालू असलेल्या दोन रुग्णांत, शंखपुष्पीयुक्त कल्प सोबत घेतला जात असता, आटोक्यात असलेले झटके पुन्हा येऊ लागले होते. उंदरांवरील प्रयोगात दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनची पातळी उतरलेली आढळली. मेध्य द्रव्य निरुपद्रवीच असणार, या समजुतीला हा पुरेसा धक्का आहे. म्हणून ‘मुलाला झटके येतात का? रोज कोणती गोळी चालू आहे?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मेध्य कल्प हातात देऊ नये. सारस्वतारिष्टासारख्या कल्पात स्वयंजनित मद्यांश असतो, तेव्हा तेथेही हीच दक्षता घ्यावी. आणि चालू असलेली अपस्माराची गोळी बंद करा, असे कोणीही सांगू नये. ती एकाएकी सुटल्यास जिवावर बेतू शकते.

रसौषधींच्या बाबतीत आम्ही अधिक कडक आहोत. शिसे वाढत्या मेंदूस घातक आहे आणि त्याची निर्धोक अशी मात्रा ज्ञात नाही. माती, रंगाचे पोपडे तोंडात घालणाऱ्या मुलात तो भार आधीच वाढलेला असू शकतो. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेला कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये. सुट्या पुड्या तर नकोतच. ‘स्वमग्नता समूळ बरी’ अशी पाटी लावणाऱ्यांविषयी इतकेच की, १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या यादीत मेंदूचे विकार व अपस्मार दोन्ही आहेत.

औषध आवडत्या खाऊत लपवून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मोजकेच पदार्थ खाणारे मूल त्या चवीवर संशय येताच तो पदार्थही कायमचा टाकते, आणि आईजवळ मग भाताखेरीज काही उरत नाही. कल्पना बदलावी, चूर्णाऐवजी वटी किंवा अवलेह पाहावा, मात्रा थेंबाथेंबाने वाढवावी आणि पहिला घोट चिकित्सालयातच, घाई न करता, देऊन पाहावा.