मुशाफिर वाद्यवृंद

पडदे, पेट्या आणि पोशाख गाड्यांत घालून गावोगाव हिंडणाऱ्या जुन्या नाटक मंडळ्यांविषयी तुम्ही ऐकले असेल. पाश्चात्त्य देशांतील मोठे वाद्यवृंदही असेच प्रवासास निघतात. मात्र त्यांची गाडी म्हणजे विमान, आणि बिऱ्हाड शंभर माणसांचे! १९७३ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा वाद्यवृंद चीनला गेला, त्या मुक्कामाची ही हकीकत आहे.

अमेरिका आणि चीन यांच्यात वीस वर्षांहून अधिक काळ येणेजाणे जवळजवळ बंद होते. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले आणि दार किलकिले झाले. त्या दारातून आत पाऊल टाकणारा हा पहिला अमेरिकन वाद्यवृंद होय. चीनमध्ये तेव्हा सांस्कृतिक क्रांतीचा अंमल होता. १९६६ पासून पाश्चात्त्य संगीत तेथे निषिद्ध मानले जात होते. कित्येक वादकांनी आपली वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके दृष्टीआड ठेवली होती. अशा ठिकाणी पाहुण्यांचे एखादे पाऊल चुकले, तरी नव्याने जुळू पाहणारा धागा तुटण्याचे भय होते.

उन्हाळ्यात फिलाडेल्फिया व बीजिंग यांच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचे अंतर असते. बीजिंगमध्ये सकाळचे सहा वाजले, की घरच्या घड्याळात संध्याकाळचे सहा! देह म्हणतो ‘आता रात्र होणार’ आणि डोळ्यांपुढे तर सूर्य उगवत असतो. झोप न आलेले वादक भल्या पहाटे बाहेर पडत. रस्त्यांवर मोटारी तुरळक. परंतु सायकलींचा लोंढा असा, की पाहतच राहावे. उद्यानांतून आबालवृद्ध संथ, लयदार हालचालींचा ‘ताइ ची’ नावाचा व्यायाम करीत असत. काही वादकांनी त्यांच्यामागे उभे राहून तो व्यायाम करून पाहिला. भाषा येत नसली, तरी लय ओळखीची होती.

चीनची प्रसिद्ध भिंत पाहण्यासही ही मंडळी गेली. बीजिंगच्या उत्तरेस डोंगरांच्या कण्यावरून चढत-उतरत गेलेली ही दगडविटांची भिंत मुख्यतः मिंग राजवटीतील आहे. ठिकठिकाणी चढण एवढी उभी, की भलाभला माणूस धापा टाकतो.

भोजनाचे तर विचारूच नका! बीजिंगचे भाजलेले बदक जगभर नावाजलेले आहे. त्याची कातडी भाजून तांबूस व कुरकुरीत करतात. मग पातळ पोळीवर गोडसर चटणी लावून, मांसाचे काप, काकडी आणि कांद्याची पात घालून ती गुंडाळून खातात. गज लीलया फिरवणाऱ्या बोटांनाही दोन काड्यांनी घास उचलताना मात्र नवशिक्यासारखे धडपडावे लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. माओ त्से-तुंग यांच्या पत्नी च्यांग छिंग यांचा तेथील कलाक्षेत्रात मोठा दरारा होता. वाद्यवृंदाने बेथोव्हेनची सहावी सिंफनी वाजवावी, असा त्यांनी आग्रह धरला. संचालक यूजीन ऑर्मंडी यांचे वय तेव्हा त्र्याहत्तर. ही रचना त्यांना फारशी प्रिय नव्हती, आणि तिची स्वरलिपीही सोबत आणलेली नव्हती. प्रथम त्यांनी नकार दिला. चीनची क्रांती खेड्यांतून उभी राहिली, म्हणून खेड्याचे चित्र रंगवणारे हे संगीत यजमानांना ऐकावयाचे आहे, अशी एका अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्याने त्यांची समजूत घातली, तेव्हा ते राजी झाले.

पण स्वरलिपी कोठून आणावी? ती चिनी वाद्यवृंदांकडून उसनी घेण्यात आली. येथे अडचण नीट समजून घ्या. वाद्यवृंदात प्रत्येकापुढे केवळ स्वतःच्या वाद्याचे स्वर लिहिलेले असतात. गज वर न्यावयाचा की खाली, स्वर कोठे चढवावयाचा, कोठे दाबावयाचा, याच्या खुणा त्यात वर्षानुवर्षे केलेल्या असतात. त्या सर्वांच्या प्रतींत सारख्या नसल्या, तर एकाचा गज वर आणि शेजाऱ्याचा खाली! उसन्या प्रतींतील खुणा फिलाडेल्फियाच्या सवयीशी जुळत नव्हत्या. परस्परांशीही जुळत नव्हत्या. अशा वेळी कागदापेक्षा कान आणि संचालकाचा हात यांवरच भिस्त ठेवावी लागते.

१६ सप्टेंबरच्या रात्री च्यांग छिंग सभागृहात उपस्थित होत्या. ओबोने आधारस्वर दिला, सर्वांनी वाद्ये जुळवली आणि छडी उठली. या रचनेत ओढ्याकाठचे दृश्य आहे. त्यात बासरी नाइटिंगेल पक्ष्याचा, ओबो लावा पक्ष्याचा आणि क्लॅरिनेट ककूचा आवाज काढते. पुढे नगाऱ्यांच्या गडगडाटात वादळ येते आणि निवळते. बेथोव्हेनने १८०८ साली व्हिएन्नात ही रचना प्रथम सादर केली, त्या वेळी त्याची श्रवणशक्ती क्षीण होत चालली होती. उसन्या कागदांवरून वाजवलेली ती सिंफनी पार पडली.

मला मात्र त्या रात्रीपेक्षा दुसराच एक प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. पाहुणे चीनच्या मध्यवर्ती वाद्यवृंदाच्या भेटीस गेले होते. संचालक ली देलुन यांनी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग ऐकवला. पुढील भागासाठी छडी ऑर्मंडींच्या हाती देण्यात आली. एवढी वर्षे ज्यांना हे संगीत उघडपणे वाजवता आले नव्हते, ते वादक परक्या संचालकाच्या हाताकडे डोळे लावून वाजवू लागले. दुभाष्याची गरज फारशी पडली नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात, बरोबर पन्नास वर्षांनी, फिलाडेल्फियाचे काही वादक पुन्हा बीजिंगला गेले आणि त्याच चिनी वाद्यवृंदाच्या वारसांसोबत एका मंचावर बसले. १९७३ च्या दौऱ्यातील एक व्हायोलिनवादक त्यांच्यात होते.