परदेशी पोपट आणि आपला कायदा

आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण ‘परदेशी पोपट पाळला तर?’ असे मी हॉस्टेलमध्ये विचारले, तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच : ‘तो चालतो रे!’ खरंच चालतो का? म्हणून हा थोडासा अभ्यास.

उदाहरण घेऊ आफ्रिकन ग्रे पोपटाचे. अंग राखाडी, शेपटी लालभडक आणि बोलणे हुबेहूब माणसासारखे. हे बोलणेच त्याच्या मुळावर आले. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलात, झाडाच्या ढोलीत घरटे करतो. पिल्ले थोडी, मोठी व्हायलाही वेळ लागतो. त्यामुळे पकडून नेलेल्यांची भरपाई लवकर होत नाही. अभ्यासकांच्या मते घाना देशात १९९२ नंतर यांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली.

अशा व्यापारासाठी ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो १९७३ मध्ये झाला, १९७५ पासून लागू झाला. भारत १९७६ मध्ये सामील झाला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या प्राण्यांचा व्यापार परवान्याने होतो, तर पहिल्या परिशिष्टातले प्राणी जंगलातून पकडून विकायला बंदी असते. ग्रे पोपट १९८१ पासून दुसऱ्या परिशिष्टात होता. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत तो पहिल्यात गेला.

पण करार पहारा देतो तो सीमेवर. पक्षी एकदा चोरून आत आला की पुढे काय? आपल्या वन्यजीव कायद्यात परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूचीच नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती चौथी अनुसूची म्हणून आली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता असा पक्षी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळे कळवावे लागते. बजरिगर, कॉकटील मात्र साइट्सच्या यादीत नाहीत.

नुसत्या कायद्याने भागते असेही नाही. ब्राझीलचा निळा स्पिक्स मकाव १९७५ पासून पहिल्या परिशिष्टात होता, तरी २००० साली जंगलातला शेवटचा पक्षी दिसेनासा झाला. पिंजऱ्यात वाढवलेले काही पक्षी २०२२ मध्ये पुन्हा तिथे सोडावे लागले.

कायदा विकणाऱ्याला अडवतो, पण मागणी आपल्याकडून येते. तेव्हा दुकानदार ‘सर, फॉरेनचा आहे, काही प्रॉब्लेम नाही’ म्हणाला, तर आधी कागद मागा. कागद नसेल तर सरळ बाहेर पडा.