अग्निप्रसंगी भाविकांचे वर्तन : एक चिंतन

अग्नी ही देवता आहे. समईत, निरांजनात व होमकुंडात तिचे पूजन होते. परंतु मर्यादा सुटली की तोच अग्नी संहारक ठरतो. म्हणून गर्दीच्या स्थळी आग लागल्यास मनुष्य कसा वागतो, हे प्रत्येक भाविकाने जाणून घेणे हितावह आहे.

दि. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे श्री काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर भाविक घसरले व चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर दुकानांना आग लागून गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. अडीचशेहून अधिक जीव गेले.

आग दिसताच लोक सैरावैरा धावतात, असा समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा लोक प्रथम थांबतात व इतरांकडे पाहतात. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात खोलीत धूर सोडण्यात आला. एकट्या बसलेल्यांपैकी तीन चतुर्थांश जणांनी वर्दी दिली; मात्र सोबत दोन निर्विकार माणसे बसविली असता दहांपैकी केवळ एकानेच ती दिली. शेजारी शांत आहे, म्हणून संकट नाही, असे मन मानून घेते.

दुसरी सवय परिचित दाराची. २००३ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे एका नृत्यगृहास आग लागली, तेव्हा अन्य दारे असूनही बहुतेक लोक आले त्याच दाराकडे वळले. तेथे कोंडी होऊन शंभर जण दगावले. मंदिरात परिचित दार म्हणजे महाद्वार. पादत्राणेही तेथेच असतात. मुंबईत २०१७ च्या डिसेंबरात कमला मिल येथील आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेकांनी प्रसाधनगृहाचा आश्रय घेतला होता व ते धुराने गुदमरले.

तिसरी ओढ आप्तांची. ताटातूट झालेली कुटुंबे आधी एकमेकांस शोधतात व त्यात अमूल्य क्षण जातात. हे प्रेम दोषास्पद नव्हे. मात्र भेटीचे ठिकाण आधीच ठरलेले असावे.

धीराचा एक शब्दही तारक ठरतो. १९७७ साली अमेरिकेतील केंटकी येथे एका सभागृहात तरुण सेवकाने ध्वनिक्षेपकावरून बाहेर पडण्याचे मार्ग सांगितले आणि अनेकांचे प्राण वाचले.

गोवंडीसारख्या दाट वस्तीच्या, अरुंद गल्ल्यांच्या उपनगरात हे भान अधिकच आवश्यक होय. भाविकांनी दर्शनापूर्वी दुसरे दार पाहून ठेवावे. धूर दिसताच इतरांची वाट न पाहता स्वयंसेवकास सांगावे व १०१ क्रमांकावर कळवावे. धुरात वाकून चालावे. पादत्राणे अथवा पूजेचे ताट यांसाठी मागे फिरू नये. दानशूरांनी कळस व मखराबरोबरच मोकळे दार, अग्निशामक नळकांडी आणि आपत्कालीन दिवे यांसाठीही हात सैल सोडावा. भाविकाचे प्राणरक्षण ही देवाचीच सेवा होय.

॥ शुभं भवतु ॥